बरोबरीचे गडी

खेळातला विजय ही फार अल्पायुषी वस्तू. ज्या दिवशी तो मिळतो त्या दिवशी गावात मिरवणूक निघते, दुसऱ्या दिवशी त्याची हकीकत वर्तमानपत्रात येते, आणि पुढच्या वर्षी तीच ढाल दुसऱ्या कोणी पटकावली की आधीच्या विजयाची आठवण त्या खेळगड्यांच्या घरातल्या एखाद्या फोटोपुरती उरते. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. खेळ हा खेळ आहे. त्याने इतिहासात जागा मागू नये हेच बरे. परंतु कधी कधी इतिहासच आपण होऊन मैदानात उतरतो. मग ज्यांना केवळ चेंडू टोपलीत टाकायचा असतो अशा विशी-बाविशीतल्या मुलांच्या हातून असे काही घडून जाते, की जे त्यांच्या वडीलधाऱ्यांना आणि त्यांच्या राज्यातल्या विधिमंडळाला जमलेले नसते.

अमेरिकेतील शिकागो शहराच्या लोयोला विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा १९६२-६३ सालचा हंगाम हा अशांपैकी एक. त्या हंगामात लोयोलाच्या मुलांनी ३१ सामन्यांपैकी २९ जिंकले आणि महाविद्यालयांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. पण असे अजिंक्यपद दरवर्षी कोणाला तरी मिळतच असते. या हंगामाचे वेगळेपण असे की, मार्च १९६३ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या एका न्यायाधीशाने एक मनाईहुकूम काढला. मनाई कशाला? तर त्या राज्यातल्या एका कॉलेजच्या मुलांनी परराज्यात जाऊन लोयोलाच्या मुलांशी चेंडू खेळण्याला! एका खेळाला सबंध राज्याच्या कारभाऱ्यांनी इतके का भ्यावे, असा प्रश्न कोणाही समंजस माणसाला पडेल. त्या प्रश्नाचे उत्तर या हंगामाच्या हकीकतीतच आहे.

बास्केटबॉल आपल्या शाळा-कॉलेजांना अपरिचित नाही. १८९१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने, हिवाळ्यात मुलांना बंद जागेत खेळता यावे म्हणून, पीचच्या फळांच्या दोन टोपल्या सज्ज्याच्या कठड्यांना ठोकून हा खेळ शोधून काढला. पुढे टोपल्या जाऊन दहा फूट उंचीवर लोखंडी कडी आली. प्रत्येक बाजूला पाच गडी. चालू खेळात चेंडू कड्यातून गेला की दोन गुण. प्रतिपक्षाने आगळीक केली तर रेषेवर उभे राहून चेंडू टाकण्याची संधी, तिचा एक गुण. आज लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळतात आणि ठरावीक सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. १९६३ साली कॉलेजच्या सामन्यांत हे दोन्ही नियम नव्हते. त्यामुळे आघाडीवर असलेला संघ चेंडू आपसांत फिरवत ठेवून वेळ काढू शकत असे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे, या खेळात अंगाला अंग लागते. मधे जाळे नाही, रेघ नाही. खांद्याला खांदा घासतो, एकाचा घाम दुसऱ्याच्या अंगाला लागतो. जे लोक एका बाकावर बसू देत नव्हते, एका नळाचे पाणी पिऊ देत नव्हते, त्यांच्या डोळ्यांना हा खेळ खुपावा यात नवल नाही.

लोयोला ही जेझुइट पंथीयांनी १८७० साली काढलेली संस्था. मिशिगन सरोवराच्या काठी वसलेली. तिच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक १९५१ पासून जॉर्ज आयर्लंड हे होते. त्या काळी उत्तरेकडच्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना खेळण्याची बंदी नव्हती. तथापि प्रशिक्षकांमध्ये एक संकेत रूढ होता, की काळे गडी एका वेळी मैदानात उतरवायचे ते दोन, फार तर तीन. हा संकेत कोठे लिहिलेला नव्हता, आणि म्हणूनच तो मोडणे अवघड होते. लिहिलेला नियम निदान बदलता तरी येतो! आयर्लंड काही समाजसुधारक म्हणून नावाजलेले नव्हते. त्यांना सामने जिंकायचे होते, आणि जे पाच गडी सर्वांत चांगले ते पाच उतरवायचे एवढेच त्यांना कळत होते. त्या पाचांत चौघे कृष्णवर्णीय निघाले.

संघनायक जेरी हार्कनेस न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढलेला. शाळेत तो मुख्यतः धावपटू होता. बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत १९४७ साली पाडणारे जॅकी रॉबिन्सन यांनी हार्लेमच्या वाय. एम. सी. ए. मध्ये आपल्याला खेळताना पाहिले आणि या खेळाच्या बळावर तुला कॉलेजात जाता येईल असे सांगितले, ही आठवण हार्कनेस पुढे जन्मभर सांगत असे. रॉन मिलर हाही न्यूयॉर्कचाच. जॉनी ईगन हा शिकागोचा, पाचांतला एकटा गोरा आणि पाचांत सर्वांत बुटका. उरलेले दोघे, लेस हंटर आणि व्हिक राउस, हे टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचे, पर्ल हायस्कूलचे विद्यार्थी. कृष्णवर्णीयांच्या शाळांची राष्ट्रीय स्पर्धा वेगळी होत असे; ती पर्लने १९५८ पासून लागोपाठ तीन वर्षे जिंकली होती. याच नॅशव्हिलमध्ये व्हॅण्डरबिल्ट हे नामांकित विद्यापीठ आहे. पण १९६० साली हंटर आणि राउस शाळेतून बाहेर पडले तेव्हा गावच्या विद्यापीठाच्या संघात काळ्या मुलाला जागा नव्हती. गावात दूध असून ताकासाठी परगावी जावे तसे ते शेकडो मैलांवरच्या शिकागोला गेले. पर्ल हायस्कूलचे नावही लक्षात ठेवावे. त्या शाळेतला आणखी एक मुलगा शेवटी भेटणार आहे.

हंगाम सुरू झाला आणि लोयोलाची मुले सुसाट सुटली. त्यांचा खेळ धावपळीचा. चेंडू हाती आला की श्वास न घेता दुसऱ्या टोकाला पोचायचे. सरासरी नव्वदाहून अधिक गुण मिळवून त्यांनी त्या वर्षी देशात पहिला क्रमांक लावला. डिसेंबर १९६२ च्या अखेरीस ओक्लाहोमा सिटीत वायोमिंगविरुद्ध खेळताना एक वेळ अशी आली की लोयोलाचे पाचही गडी कृष्णवर्णीय होते. वरच्या वर्गातल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये असे प्रथमच घडले असे मानतात. पहिले २१ सामने त्यांनी ओळीने जिंकले. मग फेब्रुवारीत बोलिंग ग्रीन संघाकडून ९२-७५ असा पराभव झाला, आणि त्यानंतर विचिटाकडून अवघ्या एका गुणाने दुसरा.

जिंकण्याची ही वाट फुलांची नव्हती. दक्षिणेत न्यू ऑर्लिन्सला गेले असता काळ्या गड्यांना संघाबरोबर हॉटेलात उतरता आले नाही. त्यांची सोय कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी करावी लागली. ह्यूस्टनमध्ये प्रेक्षकांनी त्यांच्यावर वस्तू फेकल्या, ते थुंकले, शिव्यांचा तर पाऊस पाडला. त्यातच हंगामाच्या मध्यावर अभ्यासात मागे पडल्यामुळे दोन चांगले राखीव गडी गळाले. उरले ते पाच. आयर्लंड यांनी मग त्या पाचांवरच सारी भिस्त ठेवली.

साखळीतले सामने संपले तेव्हा लोयोलाचे २४ विजय आणि २ पराभव होते. राष्ट्रीय स्पर्धेतला पहिला सामना ११ मार्च १९६३ रोजी शिकागोजवळच्या एव्हन्स्टन येथे झाला. त्यात त्यांनी टेनेसी टेकचा १११-४२ असा धुव्वा उडवला. ६९ गुणांचा तो फरक त्या स्पर्धेच्या इतिहासात आजवर कोणाला ओलांडता आलेला नाही. दुसऱ्या फेरीत त्यांची गाठ होती मिसिसिपी स्टेटशी. तो संघ येणार की नाही, हेच कोणाला ठाऊक नव्हते.

इथे आपल्याला थोडे मागे आणि बरेच दक्षिणेला गेले पाहिजे. मिसिसिपी स्टेट हे स्टार्कव्हिल या लहान गावातले विद्यापीठ. त्याचे प्रशिक्षक बेब मॅकार्थी यांनी तेथे एक उत्तम संघ उभा केला होता. १९५९, १९६१ आणि १९६२ साली त्यांनी आपल्या विभागाचे विजेतेपद मिळवले, किंवा त्यात वाटा मिळवला. १९५९ सालच्या संघाने तर २५ सामन्यांपैकी २४ जिंकले होते. विभागाच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेचे बोलावणे येते. तिन्ही वर्षी ते आले, आणि तिन्ही वर्षी मिसिसिपीची मुले घरी बसली. कारण त्या राज्यात एक अलिखित कायदा होता: ज्या संघात काळा गडी आहे त्याच्याशी राज्यातल्या गोऱ्या कॉलेजांनी खेळायचे नाही. कायद्याच्या पुस्तकात तो नव्हता. पण मोडील त्या विद्यापीठाचे अनुदान बंद होईल अशी भीती सर्वांच्या मनात होती. विजेते घरी राहत आणि त्यांच्या मागे राहिलेला केंटकीचा संघ स्पर्धेला जाई.

१९६३ साली मिसिसिपी स्टेटने पुन्हा विभाग जिंकला. या वेळी राज्यातली हवा पूर्वीपेक्षाही तापलेली होती. आदल्या सप्टेंबरच्या अखेरीस जेम्स मेरेडिथ हा कृष्णवर्णीय विद्यार्थी मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश घ्यायला गेला, तेव्हा झालेल्या दंगलीत दोन माणसे ठार झाली आणि केनेडींना सैन्य धाडावे लागले. या गोष्टीला पुरते सहा महिनेही झाले नव्हते. राज्याचे गव्हर्नर रॉस बार्नेट वर्णविभागणीचे कट्टर पुरस्कर्ते. अशा वेळी कोणी शहाणा माणूस नवी काडी ओढणार नाही, असेच सर्वांना वाटत होते.

ती ओढली एका शेतकी शास्त्रज्ञाने. विद्यापीठाचे प्रमुख डीन कोलव्हर्ड हे मूळचे नॉर्थ कॅरोलायनाचे, १९६० साली स्टार्कव्हिलला आलेले. त्यांचा पिंड भाषणे ठोकणाऱ्याचा नव्हता. पण त्यांच्यासमोर विद्यार्थ्यांचे अर्ज येऊन पडले होते. चार वर्षे घाम गाळून जिंकायचे आणि ऐन वेळी गणवेश गुंडाळून ठेवायचे, हे आमच्या नशिबी का, असे मुले विचारत होती. मॅकार्थी यांनीही आकाशवाणीवरून आपल्या मुलांची बाजू मांडली होती. २ मार्च रोजी कोलव्हर्ड यांनी जाहीर केले, की अधिकारी संस्थेने अडवले नाही तर संघ स्पर्धेला जाईल. वाक्य साधे, सरकारी थाटाचे. पण त्याने राज्य ढवळून निघाले. जॅक्सनच्या एका वृत्तपत्राने लोयोलाच्या संघाचा फोटो छापला, तो लोकांनी ते काळे चेहरे पाहून खवळून उठावे म्हणून. ९ मार्चला विश्वस्त मंडळाची बैठक झाली. अंदाज असा होता की मंडळ कोलव्हर्ड यांना झिडकारील. मतदान झाले ते आठ विरुद्ध तीन, कोलव्हर्ड यांच्या बाजूने!

तेव्हा विरोधकांनी न्यायालयाची पायरी चढली. १३ मार्च रोजी, म्हणजे संघ निघायच्या आदल्याच दिवशी, दोघा राजकारण्यांनी संघाला राज्याबाहेर जाण्यास मनाई करणारा हुकूम मिळवला. त्या दोघांतील एक विद्यमान सिनेटर होता, आणि गंमत अशी की तो याच विद्यापीठाचा जुना विद्यार्थी! हुकूम तर निघाला. पण हुकूम लागू व्हायचा तर तो ज्याच्यावर बजावायचा तो माणूस सापडायला हवा. पुढे जे घडले ते ऐकताना मराठी माणसाला आग्र्याच्या सुटकेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कोलव्हर्ड रातोरात राज्याची सीमा ओलांडून अलाबामात गेले. मॅकार्थी आणि क्रीडाविभागाचे प्रमुख मोटारीने टेनेसीतल्या मेम्फिसला पोचले. राहिला संघ. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी राखीव आणि नवखी मुले विमानतळावर पाठवण्यात आली. पोलिसांनी पकडलेच तर त्यांना पकडावे. खरे गडी तोवर वसतिगृहात दडून होते. हिरोजी फर्जंदाचेच काम, फक्त पांघरुणाऐवजी खेळाची पिशवी! विमानतळावर कोणी अडवायला आलेले नाही असे कळताच मुख्य गडी निघाले, विमानात बसले आणि नॅशव्हिलला प्रशिक्षकांना जाऊन मिळाले. त्याच दिवशी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी तो मनाईहुकूम रद्दही केला; पण तोवर पाखरे उडाली होती.

सामना १५ मार्च १९६३ रोजी, मिशिगन राज्यातल्या ईस्ट लॅन्सिंग येथे झाला. आधीच्या दिवसांत हार्कनेसला कू क्लक्स क्लॅनकडून धमक्यांची पत्रे आली होती. सामन्यापूर्वी दोन्ही संघांचे नायक हस्तांदोलनासाठी मैदानाच्या मध्यभागी आले: लोयोलाचा जेरी हार्कनेस आणि मिसिसिपी स्टेटचा जो डॅन गोल्ड. आपल्या कुस्तीच्या फडात जशी सलामी, तसाच हा रोजचा उपचार. पण दोघांचे हात एकमेकांत गुंतले आणि चोहोकडून छायाचित्रकारांच्या दिव्यांचा असा लखलखाट झाला की, हा निव्वळ सामना नाही हे आपल्याला त्या क्षणी उमगले, असे हार्कनेस पुढे सांगत असे.

खेळ मात्र निव्वळ खेळासारखाच झाला. मिसिसिपीच्या मुलांनी सुरुवातीलाच सात गुण घेतले आणि लोयोलाच्या खात्यावर भोपळा होता. त्यांचा खेळ संथ, मोजून-मापून टाकलेल्या पावलांचा. लोयोलाच्या वादळाला त्यांनी बांध घातला आणि देशात सर्वाधिक गुण घेणाऱ्या संघाला ६१ वर रोखून धरले. परंतु स्वतः त्यांना ५१ च्या पुढे जाता आले नाही. राउसने उसळलेले चेंडू एकामागून एक हिसकावले, हार्कनेसने २० गुण घेतले. दांडगाई झाली नाही, शिवीगाळ झाली नाही. सामना संपला, मुलांनी पुन्हा हात मिळवले आणि आपापल्या वाटेने गेली. आकाश कोसळले नाही. मिसिसिपीचा संघ घरी परतला तेव्हा त्याच्यावर दगड पडतील अशी भीती होती. प्रत्यक्षात विमानतळावर स्वागताला गर्दी जमली होती. कोलव्हर्ड यांची नोकरीही गेली नाही. पुढे तीन वर्षे ते त्याच जागेवर होते.

सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. फडात पैलवानाला जोड बघून लावतात. ज्याच्याशी आपण झुंजायला उभे राहतो त्याला, तोंडाने काहीही म्हणोत, मनातून आपण बरोबरीचा मानलेला असतो. बिनबरोबरीच्या माणसाला हरवण्यात मान नाही आणि त्याच्याकडून हरण्याची शक्यताच नाही. म्हणून त्याच्याशी कोणी खेळत नाही. एकदा खेळायला उभे राहिले की तेच कडे, तेच दोन गुण आणि तोच पंच. नोकर म्हणून काळा माणूस मिसिसिपीतल्या गोऱ्या घरात स्वयंपाकघरापर्यंत येत होता, मुले सांभाळत होता; त्याची त्या समाजाला भीती वाटली नाही. भीती वाटली ती प्रतिस्पर्धी म्हणून समोर उभ्या राहणाऱ्याची. न्यायालयात धावणारे ते दोघे भोळे नव्हते. या चेंडूच्या खेळात काय पणाला लागले आहे हे मॅकार्थींच्या मुलांपेक्षा त्यांना अधिक स्पष्ट दिसत होते. मुलांना फक्त आपले बळ अजमावायचे होते. पण ते अजमावताना आपल्या बळाचे माप दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते, आणि तेथेच उच्चनीचतेचा पाया ढासळतो.

लोयोलाची वाट अजून संपली नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी इलिनॉय विद्यापीठाला ७९-६४ असे हरवले. मग केंटकीतल्या लुईव्हिल येथे उपान्त्य सामन्यात ड्यूकचा ९४-७५ असा पाडाव केला. २३ मार्चच्या रात्री अंतिम सामन्यात समोर उभा होता सिनसिनाटीचा संघ: १९६१ आणि १९६२ ही दोन्ही वर्षे अजिंक्य, देशात पहिल्या क्रमांकाचा, आणि प्रतिपक्षाला गुण न देण्यात सर्वांत वाकबगार. त्यांच्याही पहिल्या पाचांत तिघे कृष्णवर्णीय होते. म्हणजे राष्ट्रीय अंतिम सामना सुरू करणाऱ्या दहा गड्यांत सात काळे! अशी गोष्ट त्यापूर्वी झाली नव्हती.

मध्यंतराला सिनसिनाटी २९-२१ असे पुढे. उत्तरार्धात ही आघाडी वाढत ४५-३० झाली. हार्कनेसचा एकही चेंडू कड्यात जाईना. चालू खेळातला त्याचा पहिला गोल झाला तो सामन्याची पाचेक मिनिटे उरली असताना. पंधरा गुणांची आघाडी म्हणजे खिशात पडलेला विजय. सिनसिनाटीने तो खिसा जपायचे ठरवले: चेंडू फिरवत ठेवायचा, घाई करायची नाही, घड्याळाला आपले काम करू द्यायचे. हा हिशेब चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. पण ज्यांना धावण्यावाचून काही येत नव्हते अशांच्या हाती त्याने धावण्याचे रान दिले. लोयोलाची मुले चेंडूवर झडप घालू लागली. सिनसिनाटीच्या हातून चुका होऊ लागल्या. संबंध सामन्यात त्यांनी सोळा वेळा चेंडू गमावला. लोयोलाने फक्त तीन वेळा. आघाडी झिजत झिजत एका गुणावर आली. बारा सेकंद उरले असताना सिनसिनाटीच्या शिंगलटनला रेषेवरून चेंडू टाकायला मिळाला. पहिला आत गेला, ५४-५२. दुसरा गेला असता तर सामना तेथेच संपता. तो कड्यावर आपटून बाहेर आला. हंटरने तो झेलला, मिलरकडे दिला, मिलरने हार्कनेसकडे, आणि सबंध रात्र ज्याचा हात बसला नव्हता त्या हार्कनेसने बरोबरी साधली.

पाच मिनिटांचा जादा वेळ. तोही ५८-५८ असा अडला. शेवटचा चेंडू लोयोलाकडे होता. हार्कनेस झेपावला, पण वाट दिसेना म्हणून त्याने हवेतूनच चेंडू हंटरकडे वळवला. हंटरने टाकला तो कड्याला लागून उसळला. पलीकडे राउस उभा होता. एखादा सेकंद उरला असताना त्याने तो दोन्ही हातांनी परत कड्यात घातला. ६०-५८!

या सामन्याचे आकडे पाहिले तर हसू येते. सिनसिनाटीने ४५ वेळा चेंडू कड्याकडे टाकला आणि २२ वेळा तो आत गेला. लोयोलाने ८४ वेळा टाकला तेव्हा कुठे २३ वेळा गेला. कौशल्याच्या मापाने पाहिले तर त्या रात्री सिनसिनाटी सरस होती; लोयोला जिंकली ती हाती येईल तो चेंडू पुन्हा पुन्हा टाकत राहिल्यामुळे. आणि त्या पंचेचाळीस मिनिटांत आयर्लंड यांनी एकही गडी बदलला नाही. सुरुवातीचे पाच तेच शेवटचे पाच. हंटर १६, राउस १५, हार्कनेस १४, ईगन ९, मिलर ६. साठ गुण पाच जणांत वाटले गेले. सहाव्याचे नाव त्यात नाही.

यानंतर सारे काही बदलले, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. पण १२ जून १९६३ रोजी, म्हणजे तीन महिन्यांच्या आतच, मिसिसिपीच्या जॅक्सन शहरात मेडगर एव्हर्स या नागरी हक्कांच्या कार्यकर्त्याचा त्याच्या घराच्या दारात खून झाला. मिसिसिपी स्टेटमध्ये पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आला तो १९६५ साली, आणि बास्केटबॉल संघात काळा गडी उतरायला १९७१-७२ चा हंगाम उजाडावा लागला. नॅशव्हिलच्या व्हॅण्डरबिल्टने १९६६ साली आपल्या संघासाठी पेरी वॉलेस या कृष्णवर्णीय मुलाला घेतले. तो त्या दाक्षिणात्य विभागातला पहिला ठरला. वॉलेस पर्ल हायस्कूलचाच. हंटर आणि राउस यांना जे दार सहा वर्षांपूर्वी बंद होते ते त्यांच्याच शाळेच्या धाकट्या मुलाला उघडले. पण १९६७ साली तो स्टार्कव्हिलला खेळायला गेला तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी त्याला जे ऐकवले ते छापण्याजोगे नाही. गोल्डने हात पुढे केला होता म्हणून सगळ्या गावाचा हात पुढे झाला नव्हता.

मात्र लोयोलाने दाखवलेली वाट बुजली नाही. १९ मार्च १९६६ रोजी टेक्सस वेस्टर्न या संघाने पाचही काळे गडी उतरवून केंटकीच्या सर्वस्वी गोऱ्या संघाला ७२-६५ असे हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्यानंतर तो अलिखित संकेत फार दिवस टिकला नाही. लोकांच्या स्मरणात टेक्सस वेस्टर्नचा सामना अधिक राहिला. लोयोलाची कहाणी बरीच वर्षे शिकागोपुरतीच होती. पन्नास वर्षांनी, २०१३ साली, तिची पुन्हा आठवण झाली. महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सन्मानमंदिरात सबंध संघाला एकत्र स्थान मिळाले, जो मान तोवर दुसऱ्या कोणत्याही संघाला मिळालेला नव्हता. आणि त्याच जुलैत त्या हंगामातले हयात गडी व्हाइट हाउसमध्ये गेले. तेथे त्यांचे स्वागत करायला ओबामा होते. चार काळे गडी एकदम उतरवणे हे ज्या देशात धाडस ठरत होते, त्या देशाचा अध्यक्ष आता स्वतः कृष्णवर्णीय होता. ज्यांनी १९६३ सालची थुंकी अंगावर झेलली होती त्यांना या गोष्टीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

हार्कनेस आणि गोल्ड यांची पुढे ओळख वाढली. दोघेही म्हातारे झाले. २०११ साली गोल्ड वारला तेव्हा हार्कनेस त्याच्या अंत्यविधीला केंटकीत गेला. शवपेटीजवळ कुटुंबीयांनी मृताच्या आयुष्यातले काही फोटो मांडले होते. त्यांत त्या रात्रीच्या हस्तांदोलनाचा फोटो होता. गोल्ड तो सामना हरला होता. एरवी हरलेल्या सामन्याचा फोटो कोणी घरात लावीत नाही. पण त्या रात्री आपण काय मिळवले, हे त्या हरलेल्या नायकाला आणि त्याच्या घरच्यांना पक्के ठाऊक असले पाहिजे. हार्कनेसही २०२१ साली गेला.